साहेबांचा कारभार, मार्करांचा खेळ

१९५० सालच्या ब्रिटिश ओपन स्क्वॉश स्पर्धेची अंतिम लढत इजिप्तच्या महमूद करीमने जिंकली. त्याचं हे सलग चौथं विजेतेपद, तेव्हा लंडनमध्ये कुणाला त्याचं विशेष वाटलं नाही. अस्वस्थ झाला तो पेशावरमधला एक माणूस. करीमकडून हरलेला खेळाडू होता अब्दुल बारी, फाळणीनंतर मुंबईतच राहिलेला आणि भारतातर्फे इंग्लंडला गेलेला. पेशावरच्या हाशिम खानचा तो नातलग. १९४४ साली मुंबईत पहिली अखिल भारतीय स्क्वॉश स्पर्धा भरली तेव्हा ती हाशिमने जिंकली होती, पुढची दोन वर्षंही विजेतेपद सोडलं नव्हतं, आणि मुंबईच्या कोर्टांवर बारीला त्याने कितीतरी वेळा हरवलं होतं. आपण ज्याला हरवतो तो जगात दुसरा आला, तर मग आपण कितवे? हा प्रश्न त्याला स्वस्थ बसू देईना.

हाशिमने तेव्हा पस्तिशी ओलांडली होती. जन्माची पक्की नोंद नव्हती, त्यामुळे नेमकं वय सांगणं अवघडच. अंगाने किरकोळ, डोक्यावरचे केस गेलेले, आणि काम हवाई दलाच्या अधिकाऱ्यांना स्क्वॉश शिकवण्याचं. पाकिस्तानच्या हवाई दलाने त्याला इंग्लंडला पाठवायचं ठरवलं. १९५१ च्या अंतिम सामन्यात समोर तोच करीम. पहिला गेम हाशिमने ९-५ असा घेतला. पुढचे दोन ९-०, ९-०. त्या काळी सर्व्हिस करणाऱ्यालाच गुण मिळे. म्हणजे चार वेळा ब्रिटिश ओपन जिंकलेल्या करीमला दोन अख्ख्या गेममध्ये स्वतःच्या सर्व्हिसवर एकही रॅली जिंकता आली नाही.

स्क्वॉशचा इतिहास सांगताना इथूनच सुरुवात करावीशी वाटते. या खेळाचे नियम, कोर्टाची मापं, कुणी कुठल्या स्पर्धेत उतरायचं आणि कुणाला मज्जाव, हे सगळं ठरवणारी माणसं एका बाजूला होती. खेळ ज्यांच्या अंगात भिनला होता ती माणसं दुसऱ्या बाजूला. मध्ये क्लबाची भिंत. ती भिंत कुठे पाडावी लागली, कुठे आपणहून खचली आणि कुठे अजून उभी आहे, हीच या खेळाच्या कारभाराची गोष्ट आहे.

मुळात हा खेळ भिंतीचाच. लंडनमध्ये फ्लीट नावाचा तुरुंग होता, तिथे कर्ज फेडू न शकलेल्या लोकांना डांबून ठेवत. आवारातल्या उंच भिंतीवर रॅकेटने चेंडू मारत बसणं हा त्या कैद्यांचा विरंगुळा. त्यातून ‘रॅकेट्स’ नावाचा खेळ तयार झाला, तुरुंगाबाहेर पडला आणि इंग्लंडच्या बड्या शाळांपर्यंत पोचला. १८३० च्या सुमारास हॅरो शाळेतली मुलं आपली पाळी येईपर्यंत आजूबाजूच्या भिंतींवर मऊ, पोकळ रबरी चेंडूने खेळू लागली. हा चेंडू भिंतीवर आपटला की दबायचा, फारसा उसळायचा नाही, त्यामुळे त्याच्यामागे धावावं जास्त लागे. मुलांना हेच आवडलं. १८६४ मध्ये हॅरोने खास या खेळासाठी चार कोर्टं बांधली. शाळेतून बाहेर पडलेली मुलं सैन्यात गेली, मुलकी नोकरीत गेली, वसाहतींत गेली, आणि जाईल तिथे चार भिंती उभ्या करून घेऊ लागली. १९१२ मध्ये बुडालेल्या टायटॅनिकवरसुद्धा पहिल्या वर्गाच्या प्रवाशांसाठी स्क्वॉशचं कोर्ट होतं. तिथे नेमलेला प्रशिक्षक जहाजाबरोबर गेला.

गंमत अशी की खेळ जगभर पसरला तरी कोर्ट किती लांब आणि किती रुंद असावं हे ठरलेलं नव्हतं. ज्याच्या बंगल्यात जेवढी जागा तेवढं कोर्ट. अमेरिकनांनी याबाबत आधी हालचाल केली. १९०४ मध्ये त्यांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली, जगातली पहिली. त्यांनी कोर्टाची रुंदी साडेअठरा फूट धरली, चेंडू कडक ठेवला आणि गेम १५ गुणांचा केला. इंग्लंडमध्ये १९०७ पासून या खेळाचा कारभार रॅकेट्स आणि टेनिसवाल्यांच्या संघटनेतली एक उपसमिती पाहत होती. १९२३ मध्ये लंडनच्या रॉयल ऑटोमोबाइल क्लबमध्ये बैठक होऊन वेगळी समिती बसली, आणि १९२८ च्या अखेरीस कुठे स्वतंत्र स्क्वॉश रॅकेट्स असोसिएशन जन्माला आली. माप घेतलं ते बाथ क्लबच्या कोर्टाचं: ३२ फूट लांब, २१ फूट रुंद. ब्रिटिश अमलाखालच्या सगळ्या प्रदेशांनी तेच उचललं.

अटलांटिकच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या कोर्टांत असा अडीच फुटांचा फरक राहून गेला. कागदावर तो क्षुल्लक दिसतो. पण कोर्ट म्हणजे विटा आणि सिमेंट. भिंत सरकवता येत नाही, पाडावी लागते. या अडीच फुटांनी एका खेळाचे दोन खेळ केले आणि ते पुन्हा एक व्हायला साठ-सत्तर वर्षं लागली. अमेरिकेत कडक चेंडूवर जोरकस, झटपट रॅली. इतरत्र मऊ चेंडूवर दमछाक करणाऱ्या लांबच लांब रॅली. एकीकडचा विजेता दुसरीकडे गेला की नवशिक्यासारखा चाचपडायचा.

आपल्याकडे हा खेळ आला तो छावण्या आणि जिमखान्यांमधून. तिथे साहेब होते आणि मार्कर होता. जुन्या क्लबांत कोर्टाची देखभाल करणारा, गुण मोजणारा, चेंडू आणून देणारा आणि साहेबाला जोडीदार मिळाला नाही तर समोर उभा राहणारा नोकर म्हणजे मार्कर. रोज चार-पाच जणांशी खेळायचं, प्रत्येकाला त्याच्या बेताचा खेळ द्यायचा. साहेबाला घाम येईल, पण अपमान होणार नाही, इतकंच. असं वर्षानुवर्षं खेळलेल्या माणसाचा चेंडूवर केवढा ताबा असेल याची कल्पना करा. समोरच्याला हव्या त्या कोपऱ्यात हवा तेवढाच चेंडू देता येणं, हीच स्क्वॉशमधली सर्वांत अवघड विद्या. ती मार्करला पोटासाठी शिकावी लागली.

हाशिमचं गाव नवाकिल्ली, पेशावरजवळचं. वडील अब्दुल्ला खान ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या क्लबात मुख्य कारभारी होते. ते वारले तेव्हा हाशिम लहान होता. शाळा सुटली आणि कोर्टावर चेंडू उचलण्याचं काम सुरू झालं. पेशावरची ती कोर्टं उघडी होती, वर छप्पर नाही. चेंडू भिंतीवरून बाहेर गेला की धावत जाऊन आणायचा आणि पुन्हा मागच्या भिंतीवर चढून बसायचं. त्या भिंतीवर बसून तो तासन् तास खेळ पाहत असे. दुपारी ऊन तापलं की साहेब लोक घरी जात आणि कोर्ट मोकळं पडे. मग हा अनवाणी पायांनी आत उतरायचा. जोडीदार कुठून आणणार? एक फटका स्वतःचा, दुसरा समोरच्या काल्पनिक हाशिमचा. तापलेल्या विटांच्या कोर्टावर अनवाणी धावायचं तर पाऊल पटकन उचलावं लागतं. पुढे इंग्लंडच्या वार्ताहरांना त्याच्या चपळाईचं कोडं पडलं होतं. ती चपळाई या दुपारच्या उन्हाने शिकवली असं मानायला माझी हरकत नाही.

१९५१ ते १९६३, सलग तेरा वर्षं ब्रिटिश ओपन या एका घराण्यात, एका गावात राहिली. हाशिमने सात वेळा जिंकली. १९५७ मध्ये रोशन खान, मग हाशिमचा धाकटा भाऊ आझम चार वेळा, १९६३ मध्ये भाचा मोहिबुल्ला. आझम मुळात टेनिस शिकवायचा. सरावाला तोडीचा जोडीदार हवा म्हणून हाशिमने त्याला स्क्वॉशकडे वळवलं आणि त्यातून चार वेळचा विजेता तयार झाला. मुंबईला राहिलेल्या बारीसारखे नातलग हे याच वंशवृक्षाचे. याच गोतावळ्यातला युसुफ खान मुंबईत राहून दहा वेळा अखिल भारतीय विजेता ठरला आणि नंतर अमेरिकेतल्या सिॲटलला जाऊन त्याने तिथे मऊ चेंडूचं स्क्वॉश रुजवलं. मुंबईतच शिकलेला अनिल नायर हार्वर्ड विद्यापीठात गेला आणि कडक चेंडूच्या खेळात १९६९ आणि १९७० अशी दोन वर्षं अमेरिकेचा राष्ट्रीय विजेता झाला. दोन्ही प्रकारच्या कोर्टांवर टिकणारे खेळाडू मोजकेच, त्यात आपला एक मुंबईकर आहे. आपल्या क्रीडा इतिहासात त्याची आठवण फार कमी निघते, ही मला खरोखर खटकणारी गोष्ट आहे.

आता कारभाराकडे. खेळाला जागतिक संघटना मिळाली ती १९६७ साली. लंडनमध्ये ऑस्ट्रेलिया, ब्रिटन, भारत, इजिप्त, न्यूझीलंड, पाकिस्तान आणि दक्षिण आफ्रिका या देशांच्या प्रतिनिधींनी मिळून आंतरराष्ट्रीय स्क्वॉश रॅकेट्स महासंघ स्थापन केला. भारत संस्थापकांपैकी एक आहे, हे लक्षात ठेवण्यासारखं. अमेरिका आणि कॅनडा दोन वर्षांनी आत आले, आपापलं अरुंद कोर्ट आणि कडक चेंडू तसाच ठेवून. महासंघाने पहिली जागतिक स्पर्धा स्थापनेच्याच वर्षी ऑस्ट्रेलियात भरवली. जेफ हंट जिंकला. तो मोठाच खेळाडू होता, पुढे त्याने ब्रिटिश ओपन आठ वेळा घेतली. पण त्या जागतिक स्पर्धेच्या नावात ‘हौशी’ हा शब्द होता. स्क्वॉश शिकवून पोट भरणाऱ्याला तिथे प्रवेश नव्हता.

म्हणजे ज्या घराण्याने तेरा वर्षं जगाला खेळवलं, त्याला महासंघाच्या लेखी जागाच नव्हती. इंग्लंडच्या क्लबसंस्कृतीत हौशी खेळाडू हा सद्गृहस्थ आणि पैसे घेणारा हा नोकर, अशी विभागणी मुरलेली होती. तीसच्या दशकात सहा वेळा ब्रिटिश ओपन जिंकणारा इजिप्तचा अम्र बे हा राजनैतिक अधिकारी होता, हौशी होता, म्हणून तो त्या चौकटीत सहज बसला. हाशिम बसला नसता. ब्रिटिश ओपन सर्वांना खुली होती म्हणून तो जगाला दिसला तरी. हौशीपणाच्या नियमामागे खेळाची शुद्धता जपण्याचा हेतू होता असं सांगितलं जातं. मला ते पटत नाही. चेंडू उचलून वाढलेल्या मुलाला फुकट खेळणं परवडत नाही, आणि हे त्या नियमाच्या रचनाकारांना नक्कीच ठाऊक होतं.

भिंतीला पहिली चीर पाडली जोना बॅरिंग्टनने. कॉर्नवॉलमध्ये जन्मलेल्या या आयरिश खेळाडूला लंडनमध्ये नसरुल्ला खानने घडवलं, म्हणजे मार्गदर्शन पुन्हा त्याच परंपरेतलं. १९६७ ते १९७३ या काळात बॅरिंग्टनने सहा वेळा ब्रिटिश ओपन जिंकली. १९६९ मध्ये तो उघडपणे व्यावसायिक झाला, गावोगाव प्रदर्शनीय सामने खेळला, तंदुरुस्तीचं वेड लोकांना लावलं. सत्तरच्या दशकात इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियात स्क्वॉशची लाट आली. ऑफिस सुटल्यावर अर्धा-पाऊण तास मनसोक्त घाम गाळायचा, जोडीदार एक पुरे, पावसाची भीती नाही. व्यापारी तत्त्वावर कोर्टं उभी राहिली, सभासदत्वाची अट नसलेली, तासाच्या भाड्यावर मिळणारी. क्लबाबाहेरचा माणूस पहिल्यांदा मोठ्या संख्येने आत आला तो या भाड्याच्या कोर्टांमुळे. महासंघाच्या कुठल्या ठरावामुळे नव्हे.

खेळाडूंनी या दशकाच्या मध्यावर स्वतःची संघटना काढली. १९७६ मध्ये लंडनला पहिली खुली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली, ती हंटने जिंकली. महासंघाची हौशी स्पर्धा दर दोन वर्षांनी चालूच होती, पण तिच्याकडे बघणारं कुणी उरलं नव्हतं. १९७९ ची मेलबर्नमधली स्पर्धा मात्र वेगळ्या कारणाने लक्षात राहिली. पाकिस्तानच्या निवड समितीने रोशन खानचा धाकटा मुलगा जहांगीर याला प्रकृतीने कमजोर म्हणून संघातून वगळलं होतं. लहानपणी हर्नियामुळे डॉक्टरांनी त्याला दगदग करू नको असं बजावलं होतं. तो वैयक्तिक गटात पात्रता फेरीतून उतरला आणि पंधराव्या वर्षी जिंकून गेला. त्यानंतर काही आठवड्यांतच त्याचा थोरला भाऊ तोरसम ॲडलेडला सामना खेळताना कोर्टावरच कोसळला आणि गेला. जहांगीर खेळ सोडून देण्याच्या बेतात होता. तो परतला, चुलतभाऊ रहमतच्या देखरेखीखाली झिजला, आणि १९८१ मध्ये टोरांटोला जेफ हंटला हरवून सतराव्या वर्षी जगज्जेता झाला. त्यानंतर पाच वर्षं तो एकही सामना हरला नाही. शेवटी १९८६ मध्ये फ्रान्समधल्या तूलूझला न्यूझीलंडच्या रॉस नॉर्मनने ती मालिका तोडली. हौशी आणि व्यावसायिक हा भेद महासंघाने १९८० मध्ये रद्द केला होता. म्हणजे मेलबर्नला जहांगीर ज्या दारातून आत शिरला, ते दार त्याच्यामागे लवकरच काढून टाकावं लागलं.

स्त्रियांच्या बाबतीत कारभार आणखी संथ चालला. ब्रिटिश ओपनची महिला स्पर्धा १९२२ पासून सुरू होती, पुरुषांच्या आठ वर्षं आधी. तरीही संघटना वेगळी, निधी वेगळा, प्रसिद्धी तर नाहीच. हॉकीसाठी तंदुरुस्ती राहावी म्हणून ऑस्ट्रेलियातल्या क्वीनबीयन गावची हेदर ब्लंडेल स्क्वॉश खेळू लागली. लग्नानंतर तिला जग हेदर मॅके म्हणून ओळखू लागलं. १९६२ ते १९७७ सलग १६ वर्षं ब्रिटिश ओपन तिची. अख्ख्या कारकिर्दीत ती दोनच सामने हरली, दुसरी हार १९६२ मधली. त्यानंतर जवळजवळ वीस वर्षं कुणी तिला हरवू शकलं नाही. कुठल्याही खेळात अशी दुसरी कारकीर्द मला दाखवता येणार नाही. महिलांची पहिली खुली जागतिक स्पर्धा १९७६ मध्ये ब्रिस्बेनला झाली, तीही तिनेच जिंकली. त्याच वर्षी महिलांचा स्वतंत्र जागतिक महासंघ निघाला. १९८५ मध्ये तो पुरुषांच्या महासंघात विलीन झाला. १९९२ मध्ये नाव बदलून जागतिक स्क्वॉश महासंघ झालं आणि १९९६ मध्ये न्यूझीलंडच्या सुझी सिमकॉक त्याच्या अध्यक्ष झाल्या.

दरम्यान एक अडचण कुणालाच सुटत नव्हती. हा खेळ बघायचा कसा? चारी बाजूंनी भिंती, वर मागच्या अंगाला अरुंद सज्जा. जगज्जेतेपदाचा सामना असला तरी वरून डोकावणारे शे-दोनशे प्रेक्षक, बाकीच्यांनी दुसऱ्या दिवशी निकाल वाचायचा. टीव्हीच्या कॅमेऱ्याला तर काळा चेंडू दिसतच नसे. चेंडू आहे जेमतेम चार सेंटिमीटरचा, वजन साधारण २४ ग्रॅम. यावर उपाय निघाला तो काचेचा. आधी मागची भिंत काचेची झाली, मग चारही. काचेवर बारीक ठिपक्यांची जाळी छापली की आतल्या खेळाडूला रंगीत भिंत दिसते आणि बाहेरच्याला आरपार. चेंडू पांढरा केला. नवं कोर्ट सुटं करून ट्रकवर चढवता येऊ लागलं. १९९६ मध्ये हे कोर्ट गिझाच्या पिरॅमिडसमोर उभं राहिलं. तिथे इजिप्तचा तरुण अहमद बरादा अंतिम फेरीत पोचला. जानशेर खानकडून तो हरला, पण इजिप्तच्या एका पिढीने ते सामने पाहिले. आज पुरुष आणि महिला दोन्ही गटांत इजिप्तचा जो दबदबा आहे, त्याची सुरुवात बरेच जण त्या रात्रींपासून मोजतात. न्यूयॉर्कला ग्रँड सेंट्रल रेल्वे स्थानकात कोर्ट मांडलं गेलं आणि घाईतले प्रवासी थबकून बघू लागले. क्लबाच्या भिंतीला काचेने जेवढं भगदाड पाडलं तेवढं शंभर ठरावांनी पाडलं नसतं.

अमेरिकेनेही याच दशकात आपला हट्ट सोडला. विद्यापीठांनी मऊ चेंडू स्वीकारला, जुनी अरुंद कोर्टं पाडून २१ फुटी कोर्टं बांधायला घेतली. अडीच फुटांचा तंटा अखेर मिटला. गुण मोजायची पद्धत मात्र उलट्या दिशेने गेली. प्रत्येक रॅलीला गुण द्यायचा हा अमेरिकन रिवाज व्यावसायिक स्पर्धांनी उचलला, ११ गुणांचा गेम ठरला आणि २००९ मध्ये महासंघानेही तो मान्य केला. १९८३ मध्ये इंग्लंडमधल्या चिचेस्टरला जहांगीर आणि गमाल अवाद यांचा सामना पावणेतीन तास चालला होता. आता असे सामने घडणं कठीण. टीव्हीला ते हवं होतं. जुन्या पद्धतीत हरत आलेल्या माणसाला सर्व्हिस परत मिळवत मिळवत तग धरून राहता येई, ती जिद्द बघण्यातली मजा गेली, असं मला अजून वाटतं.

खेळ एक झाला, दिसू लागला, तरी ऑलिंपिकचं दार उघडेना. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची मान्यता १९८६ पासून होती. १९९८ मध्ये स्क्वॉश राष्ट्रकुल स्पर्धांत आणि आशियाई स्पर्धांत आलं. २००२ मध्ये जहांगीर खान महासंघाचे अध्यक्ष झाले. रोशन खानचा मुलगा, क्लबाच्या नोकरीत वाढलेल्या घराण्यातला, आता खेळाच्या सर्वोच्च खुर्चीवर बसला होता. २००५ मध्ये सिंगापूरच्या अधिवेशनात लंडन ऑलिंपिकसाठी बेसबॉल आणि सॉफ्टबॉल वगळले गेले, पर्याय म्हणून स्क्वॉश आणि कराटे पुढे आले, पण आवश्यक दोन तृतीयांश मतं मिळाली नाहीत. २००९ मध्ये गोल्फ आणि रग्बीने बाजी मारली. तोवर अध्यक्षपद चेन्नईच्या एन. रामचंद्रन यांच्याकडे आलं होतं. २०१३ मध्ये ब्यूनस आयर्सला तिसरा प्रयत्न झाला. मलेशियाची निकोल डेव्हिड तेव्हा जगात अव्वल होती, तिच्या नावावर पुढे आठ जागतिक विजेतेपदं लागली. ऑलिंपिक पदकासाठी ती सगळी देऊन टाकीन, असं ती सांगत असे. पण त्या वर्षी कुस्तीला आधी वगळून पुन्हा रांगेत उभं केलं होतं. कुस्तीला ४९ मतं मिळाली, बेसबॉल-सॉफ्टबॉलला २४, स्क्वॉशला २२. पुढे टोकियोने पाच खेळ निवडले, पॅरिसने आपले निवडले. स्क्वॉश दोन्ही वेळा बाहेर.

या नकारांची कारणं घराबाहेर शोधण्यात अर्थ नव्हता. पुरुष व्यावसायिकांची एक संघटना, महिलांची दुसरी, महासंघ तिसरा. बक्षिसाच्या रकमेत मोठी तफावत. एका समितीपुढे तीन तोंडांनी बोललं तर ऐकणार कोण? २०१५ च्या आरंभी महिलांची व्यावसायिक संघटना पुरुषांच्या संघटनेत विलीन झाली आणि मोठ्या स्पर्धांत बक्षिसाची रक्कम समान होत गेली. २०१८-१९ च्या मोसमात शिकागोच्या जागतिक स्पर्धेत पुरुष आणि महिलांना मिळून दहा लाख डॉलर होते, दोघांना सारखे वाटलेले. हे आधी झालं असतं तर निकोलला कदाचित ऑलिंपिकमध्ये खेळता आलं असतं. ती २०१९ मध्ये निवृत्त झाली.

१६ ऑक्टोबर २०२३ ला वांद्रे-कुर्ला संकुलात ऑलिंपिक समितीचं १४१ वं अधिवेशन चालू होतं. लॉस एंजेलिसने २०२८ साठी सुचवलेले पाच खेळ मताला टाकले गेले आणि मंजूर झाले. आपल्या वर्तमानपत्रांत दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर क्रिकेट होतं, ते साहजिकच. स्क्वॉशचं नाव त्याच यादीत होतं. त्याच्या सोळाच दिवस आधी, ३० सप्टेंबरला, हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताच्या पुरुष संघाने पाकिस्तानला २-१ असं हरवून सुवर्ण जिंकलं होतं. पहिला सामना आपल्या मुंबईच्या महेश माणगावकरने गमावला, दुसरा सौरव घोषालने काढला. तिसऱ्यात अभय सिंगपुढे होता नूर जमान, १९७५ चा ब्रिटिश ओपन विजेता कमर जमान याचा नातू. पाचव्या गेममध्ये नूरच्या हातात सामना आला होता. अभयने मॅच पॉइंट वाचवले आणि १२-१० असा गेम घेतला. त्याने रॅकेट भिरकावून दिली तेव्हा बाकावरचे सगळे आत धावले.

भारतीय स्क्वॉशचं केंद्र आता चेन्नईला आहे. सौरव घोषाल, ज्योत्स्ना चिनप्पा, दीपिका पल्लिकल तिथल्या अकादमीत घडले. २०१४ मध्ये ग्लासगोला ज्योत्स्ना आणि दीपिकाने दुहेरीत राष्ट्रकुल सुवर्ण आणलं, या खेळातलं भारताचं पहिलं. भुवनेश्वरी कुमारीने १९७७ ते १९९२ सलग १६ राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली होती. तो विक्रम ज्योत्स्नाने २०१९ मध्ये पुण्याला झालेल्या राष्ट्रीय स्पर्धेत मागे टाकला. मुंबईकडे क्लब जास्त, परंपरा जुनी, तरीही खेळाडू घडवण्यात चेन्नई पुढे गेली. याचं कारण सरळ आहे. तिथे कोर्ट आणि प्रशिक्षक क्लबाच्या सभासदत्वापासून सोडवून अकादमीत आणले गेले. आपल्याकडे अजून बहुतेक कोर्टं जिमखान्यात, लष्करी संस्थांत किंवा उंची गृहसंकुलांत आहेत. महापालिकेच्या शाळेतल्या मुलीला स्क्वॉश खेळावंसं वाटलं तर तिने कुठे जायचं, याचं उत्तर मुंबईच्या बहुतेक वस्त्यांत मिळत नाही. ऑलिंपिकचा शिक्का बसल्यावर सरकारी पैसा येईल, तो या कामी लागला पाहिजे. चार नवी वातानुकूलित कोर्टं जुन्याच सभासदांसाठी बांधली तर काहीही बदलणार नाही.

डिसेंबर २०२५ मध्ये चेन्नईच्या एक्स्प्रेस अव्हेन्यू मॉलमध्ये, दुकानांच्या मधोमध मांडलेल्या काचेच्या कोर्टावर, भारताने मिश्र संघांचा विश्वचषक जिंकला. अंतिम फेरीत हाँगकाँगवर ३-० अशी मात. पहिला सामना ३९ वर्षांच्या ज्योत्स्नाने जिंकला, दुसरा अभयने आणि शेवटचा १७ वर्षांच्या अनाहत सिंगने. लॉस एंजेलिसला पुरुषांत १६ आणि महिलांत १६ एवढ्याच जागा आहेत, दुहेरी नाही, सांघिक नाही. इजिप्तच्या मुली आज क्रमवारीच्या वरच्या पायऱ्या अडवून बसल्या आहेत. अनाहत तेव्हा वीस वर्षांची असेल.